बिल्ल्याचा डोस

मी ऑफिसर आहे हे माझ्या नवऱ्याला अजून पटलेलं नाही. कागदावर मात्र मी आहे. धुळ्यात हायवेला लागून असलेल्या एका हाडांच्या दवाखान्यात मी एक्स-रे काढते, आणि त्याच दवाखान्याची रेडिएशन सेफ्टी ऑफिसरही मीच. परीक्षा दिली, पास झाले, मुंबईच्या नियामक ऑफिसनं मंजुरी पाठवली. पगार होता तोच राहिला, डोक्याला ताप तेवढा वाढला. घरी सांगितलं तर नवरा म्हणाला, मग गाडी कधी पाठवतात न्यायला?

लोकांना वाटतं एक्स-रे मशीन म्हणजे फ्रिज. आणला, प्लग लावला, झालं. अहो, कसलं काय! आधी मशीनची नोंदणी, मग खोलीचा नकाशा, मग भिंती किती जाड, दारात शिसं भरलंय का, खिडकी माणसाच्या डोक्याच्या वर आहे का, मशीनचं तोंड कुठल्या भिंतीकडे वळतं. ते सगळं मुंबईला पसंत पडलं की लायसन. मुलगी दाखवायला एवढे कार्यक्रम करत नाहीत. आणि लायसनला मुदत असते, म्हणजे काही वर्षांनी पुन्हा तोच थाट. पोर्टलवर फाइल चढवताना आमचं नेट असं रुसून बसायचं की मी त्याला आईबहिणीवरून बोलले आहे, आणि मी असोद्याची आहे, मला बोलता येतं.

या सगळ्यात एक वस्तू असते बॅज. आमच्याकडे सगळे त्याला बिल्ला म्हणतात. काडेपेटीपेक्षा थोडा मोठा प्लास्टिकचा डबा, आत एक कार्ड. एक्स-रेच्या खोलीत काम करणाऱ्यानं तो छातीवर लावायचा. तो वाजत नाही, चमकत नाही, गपचूप बसून किरणं किती लागली ते पीत राहतो. तीन महिने झाले की आतलं कार्ड तपासायला लॅबकडे पाठवायचं आणि नवीन घालायचं. ज्याचा बिल्ला त्यानंच कार्ड बदलायचं, असा माझा नियम. मग लॅब कळवते, अमक्या माणसाला इतका डोस. आमचे डॉक्टर बिल्ला लावतच नाहीत, त्यांचा ड्रॉवरमध्ये पडून असतो. माझा मी रोज कपाटात कुलुपात ठेवते, कारण माझा कुणावर विश्वास नाही. आणि तिसरा बिल्ला होता आमच्या लहान टेक्निशियनचा. ती मला ताई म्हणते. कामाला चोख, बोलायला मऊ, मी चार बोलले तर ती अर्धं बोलणार. काम संपलं की तिचा बिल्ला खोलीबाहेरच्या खुंटीवर.

तिचं लग्न जामनेरला झालं होतं. नवरा धुळ्यातच नोकरीला, म्हणून दोघं इथं भाड्यानं राहायची. सासर केळी आणि कपाशीवालं, सासू कडक. लग्नानंतरचा पहिला दसरा सासरी, म्हणून ती सुट्टी घेऊन जामनेरला गेली होती. मीही माहेरी असोद्याला गेले होते. दोन दिवस दुसऱ्या दवाखान्यातला एक टेक्निशियन आमचं मशीन सांभाळणार होता. ही गोष्ट लक्षात ठेवा, मला ती फार उशिरा लक्षात आली.

डिसेंबरात तिनं मला हळूच सांगितलं की दिवस गेलेत. त्या दिवसापासून मी तिला एक्स-रेच्या खोलीत पाऊल टाकू दिलं नाही. रिसेप्शनला बसवली, पावत्या फाड म्हटलं. डॉक्टर कुरकुरले की दोघींचं काम एकटीच्यानं कसं उरकेल. मी म्हटलं, सर, तुम्ही काढा की दोनचार फोटो, बिल्ला आहे ना तुमच्याकडे, अगदी कोरा करकरीत.

फेब्रुवारीत लॅबचा रिपोर्ट आला. माझा शून्याला टेकलेला, डॉक्टरांचा अर्थातच शून्य. आणि तिच्या नावासमोर असा आकडा की मी चष्मा पुसून पुन्हा वाचला. वर्षभरात जेवढा लागू द्यायचा नाही त्याहून कितीतरी जास्त, आणि तोही एकाच तिमाहीत. पाठोपाठ मुंबईहून विचारणा, की हा डोस कसा लागला, चौकशी करून कळवा, तोवर या व्यक्तीला किरणांच्या कामावर ठेवू नका.

आणि त्याच तीन महिन्यांत तिला दिवस गेले होते.

तिला सांगायचं कसं म्हणून मी खोलीत दोन फेऱ्या मारल्या, तोवर तिनं स्क्रीनवर वाचलंच होतं. रडली नाही. पोटावर हात ठेवून एवढंच विचारलं, "ताई, हा डोस बिल्ल्याला लागलाय की मला?"

सांगते, इतका सरळ प्रश्न मला परीक्षेतही कुणी विचारला नव्हता. बिल्ला छातीवर असेल तर दोघांना. नसेल तर एकट्या बिल्ल्याला. पण बिल्ला एकटा कुठं जाईल, आणि तीन महिन्यांपूर्वी तो कधी कुठं होता, हे आता कोण सांगणार? मी म्हटलं, मी शोधते.

बातमी तिच्या नवऱ्याकडून जामनेरला पोचली आणि तिथं तिचं वेगळंच पीठ मळलं गेलं. सासूनं कुणाला तरी विचारलं, त्या कुणाला तरी एक्स-रे आणि अणुबॉम्ब यातला फरक ठाऊक नव्हता. मूल अधू होणार, असं ठरून गेलं. चौथा महिना लागलाय, अजून वेळ गेलेली नाही, खाली करून घ्या, दुसरं होईल. त्यांनी तिला जामनेरला नेलं आणि तिकडच्या डॉक्टरीणबाईंकडची सोमवारची वेळही घेऊन टाकली. फोनवर ती मला हे सांगत होती, तेव्हा मागं मिक्सर चालू होता. दुसरं होईल म्हणे! जशी काही करपलेली पोळी.

इकडे आमच्या डॉक्टरांचं काय, तर लायसनची मुदत संपत आलेली आणि नूतनीकरणाची फाइल ह्या चौकशीवर अडकलेली. चौकशी मिटल्याशिवाय लायसन नाही, लायसनशिवाय एक्स-रे नाही, आणि एक्स-रेशिवाय हाडांचा डॉक्टर म्हणजे नुसता हात दाबून बघणारा वैदू. त्यांनी स्वतःच खुलासा टाइप करून आणला. त्यात लिहिलं होतं की सदर कर्मचारी निष्काळजीपणे किरणांच्या समोर उभी राहत असे, तिला समज दिली आहे, डोस मान्य आहे. खाली सेफ्टी ऑफिसरची सही, म्हणजे माझी. म्हणाले, ताई, दोन ओळींत मिटतंय, मिटवून टाका ना.

माझं टाळकंच सरकलं. मी म्हटलं, सर, डोस मान्य आहे असं मी लिहिलं तर सोमवारी जामनेरला काय होणार ते माहीत आहे ना तुम्हाला? ही पोर माझ्यासमोर काम करते, दार लावल्याशिवाय बटण दाबत नाही, आणि मी लिहू की ती मशीनसमोर उभी राहायची? मला ऑफिसर केलंत ना, मग घ्या आता ऑफिसर. सही केली नाही. ते चिडून केबिनमध्ये गेले आणि पंखा फुल करून बसले.

मग मी तिचा बिल्ला काढला. कार्ड लॅबला जातं, पण प्लास्टिकचा डबा आपल्याकडेच राहतो. खुंटीवरचा तो डबा मी टेबलावर घेऊन बसले, उघडला, बंद केला, उलटा केला. क्लिपच्या मागच्या खाचेत पिवळं काहीतरी होतं. मला वाटलं हळद, आल्याआल्या स्वयंपाकाचे हात लावले असतील. नखानं उकरलं तर हळदच निघाली, पण तिच्यासोबत कुंकू. आणि क्लिपच्या स्प्रिंगमध्ये अडकलेला लाल नाडाछडीचा तुकडा, आणि झेंडूची एक वाळकी पाकळी.

कुठली बाई वरणाला नाडाछडीची फोडणी देते? मी जागेवरच ओरडले, "नाना!"

नाना म्हणजे डॉक्टरांचे वडील. साक्री रोडच्या बाजूला त्यांची शेती आहे. शेतात ते राजे, आणि दवाखान्यातही स्वतःला राजेच समजतात, कारण जमीन त्यांची. दर खंडेनवमीला ते झेंडूच्या माळा, नारळ आणि हळदकुंकवाची डबी घेऊन सकाळी सकाळी हजर. ट्रॅक्टरची, विळ्याकोयत्यांची पूजा घरी उरकलेली असते, मग दवाखान्यातल्या हत्यारांची. हाडांच्या ऑपरेशनची हत्यारं पाहिली आहेत कधी? करवत, हातोडी, ड्रिल, स्क्रू. नाना दरवर्षी म्हणतात, एवढा खर्च करून डॉक्टर केला, शेवटी निघाला सुतारच. सगळ्या हत्यारांना हळदकुंकू लावतात आणि सगळ्यात मोठा हार एक्स-रे मशीनला, थेट वरच्या तोंडाला, जिथून किरणं बाहेर पडतात तिथं. दसऱ्याला सोनं वाटून झालं की स्वतः येऊन हार उतरवणार, तोवर कुणी हात लावायचा नाही. त्यांनी घातलेला हार काढायची हिंमत डॉक्टरांतही नाही, बदली टेक्निशियन कुठून करणार?

मी डॉक्टरांच्या केबिनमधूनच नानांना फोन लावला, स्पीकर चालू ठेवून. विचारलं, नाना, या दसऱ्याला हारात बिल्ला बांधला होता का कुणी?

"हा, मीच बांधेल व्हता," नाना खुशीत म्हणाले. "सालभर छातीवर लावतंस, आन सणले खुंटीवर टांगतंस. तो बी हत्यारच शे ना?"

डॉक्टरांनी कपाळावर हात मारून घेतला. हिशेब सोपा होता. नवमीच्या सकाळी हार घातला, दसऱ्याच्या संध्याकाळी उतरवला. त्या दोन दिवसांत सणाच्या जोशात मोटारसायकलवरून आपटलेले सगळे लोक आमच्या टेबलावर झोपले, आणि प्रत्येक फोटोच्या वेळी किरणं आधी त्या बिल्ल्यावर पडली. नानांनी हार पांझरा नदीत सोडला, बिल्ला पुसून परत खुंटीवर टांगला. आणि ज्या बाईचा तो बिल्ला, ती तेव्हा जामनेरला सासूच्या हाताखाली पुरणपोळ्या लाटत होती.

मला वाटलं आता सुटलो. कुठलं! डॉक्टर म्हणाले, मुंबईला असं लिहू? माझ्या वडिलांनी एक्स-रे मशीनला हार घातला आणि त्यात बॅज ओवला? लायसन देतील की वेड्यांच्या इस्पितळाचा पत्ता देतील? मला तेव्हा त्यांचा राग आला, आणि थोडी कीवही आली. शिकला सवरला माणूस, बापाच्या हाराची लाज वाटते, आणि बापाला हार घालू नका म्हणायची छातीही नाही.

फोन चालूच आहे हे आम्ही दोघंही विसरलो होतो. नानांनी सगळं, त्यांच्या भाषेत बठ्ठं, ऐकलं. मग त्यांनी मलाच विचारलं की बिल्ल्याचं आणि त्या पोरीच्या पोटाचं काय आहे. मी सांगितलं, काही राखून ठेवलं नाही, सोमवारचंही सांगितलं. मग म्हणाले, गाडी काढ, जामनेरले जानं शे. हे पोराला होतं, मला नव्हतं, पण गेलो आम्ही तिघंही.

धुळ्याहून जळगाव आणि पुढं जामनेर, रस्ताभर नाना पुढच्या सीटवर गप्प. एरवी हा माणूस टोलनाक्यावरच्या पोराशीही पाऊसपाण्याच्या गप्पा मारतो. पारोळ्याला चहा प्यायला थांबलो तर उतरलेच नाहीत. मी मागं बसून मनातल्या मनात भाषण तयार करत होते, डोस म्हणजे काय, थेट किरण म्हणजे काय, बाळाला का लागलेलं नाही. सोबत कागदही घेतले होते.

अंगणात कपाशीच्या गाठोड्यांवर सासूबाई बसल्या होत्या. मी अक्का म्हणून नमस्कार केला आणि कागद काढले. त्यांनी हात आडवा केला. "मले कागद नका दाखवू. कागदानंच सांगलं ना किरणं लागले म्हणून? आता कागदच सांगतो का नाही लागले?"

बाई चुकीचं बोलत नव्हती. मी कागद परत पिशवीत घातले. डॉक्टर बुटाच्या टोकानं जमीन उकरत होते. तेव्हा नाना पुढं झाले. त्यांना गुडघ्याचा त्रास आहे, खाली बसवत नाही, तरी ते त्या बाईसमोर जमिनीवर बसले.

"चूक मनी शे, पोरनी नही," ते म्हणाले. "तिन्हा बिल्ला मी मशीनले बांधा. ती तथी नव्हती. ती आठे व्हती, तुमन्या घरमा."

मी पंधराएक वर्षं त्या माणसाला ओळखते. चूक हा शब्द त्यांच्या तोंडून त्याआधी फक्त दुसऱ्यांसाठी ऐकला होता. मग सासूबाईंनी पोलीस विचारतो तसं विचारायला सुरुवात केली. हार कधी घातला? कुठं बांधला? उतरवला कधी? मधे कुणी हात लावला? नाना एकेकाचं उत्तर देत होते, पूजेची सगळी तयारी कशी मांडली इथपासून. आणि मग सासूबाई स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या की नवमीला सकाळी ही माझ्यासोबत शिलाई मशीनला हार घालत होती, दसऱ्याला रात्रीपर्यंत चुलीसमोर होती, कुठं गेलीच नाही.

ती दाराच्या आत उभी होती, मला दिसत होती. ती बाहेर आली आणि सासूसमोर तोंड उघडलं. "आई, हे आले नसते तरी मी सोमवारी जाणार नव्हते," ती म्हणाली. "मला कुणी विचारलंच नाही."

सासूबाई उठल्या, पदर झटकला, आत गेल्या. मला वाटलं, झालं, चिडल्या. आतून फोनवर त्यांचा आवाज आला, की डॉक्टरीणबाईंना सांगा सोमवारी आम्ही येत नाही. मग त्या सगळ्यांसाठी चहा घेऊन आल्या. नानांना खाली उतरवायला कुणी लागलं नव्हतं, उठवायला मात्र दोघं लागले.

मुंबईला मी खरं तेच लिहिलं, आणि डॉक्टरांनी तोंड वाकडं करून सही केली. आठवड्यानं व्हिडिओवर चौकशी झाली. तिकडच्या अधिकारी बाई हिंदीत विचारत होत्या की बॅज त्या वेळी नक्की कुठं होता. मी म्हटलं, मॅडम, हार में. त्यांनी पुन्हा विचारलं, मी पुन्हा सांगितलं. मग त्यांनी आवाज बंद केला, पण कॅमेरा बंद करायला विसरल्या, आणि त्यांचे खांदे हलत होते ते आम्ही सगळ्यांनी पाहिलं. आवाज परत आला तेव्हा त्या अगदी गंभीर होत्या. म्हणाल्या, तुमचं म्हणणं पटतंय, पण मांडणी तशीच पुन्हा करून फोटो पाठवा, आणि त्याच जागी दुसरं कार्ड ठेवून तेवढेच एक्स-रे काढून ते कार्ड तपासायला द्या.

म्हणजे आता मार्चच्या उन्हात आम्हाला खंडेनवमी करायची होती. झेंडू मिळेना, शेवंती आणली. नानांना म्हटलं, नुसता हार लटकवा, मी फोटो काढते. ते बिथरलेच. खोटी पूजा मी करत नाही म्हणाले. मग साग्रसंगीत हळदकुंकू, अगरबत्ती, उंबऱ्यावर नारळ. बिल्ला तिथंच बांधला, जिथं आधी बांधला होता, आणि या वेळी मी दाराबाहेर उभी राहून बटण दाबत होते. टेबलावर कुणी पेशंट नाही, फक्त शेवंतीचा फोटो. फोटो म्हणजे एक्स-रे, तुम्हाला वाटेल कॅमेरा. नारळाचं खोबरं स्टाफनं खाल्लं.

त्या कार्डाचा आकडा पहिल्याच्या आसपासच निघाला. मुंबईचं पत्र आलं की हा डोस त्या व्यक्तीला लागलेला नाही, तिच्या नोंदीतून काढण्यात येत आहे. सोबत सूचना, की बॅज खोलीपासून लांब कुलुपात ठेवावेत आणि दवाखान्यात येणाऱ्या सर्वांना सुरक्षेचं प्रशिक्षण द्यावं. सर्वांना म्हणजे नानांनाही, असा अर्थ मी काढला. ते पहिल्या रांगेत बसले आणि दहा मिनिटांत घोरायला लागले. लायसन आलं, डॉक्टरांनी ते फ्रेम करून गणपतीच्या शेजारी लावलं. आता त्या फ्रेमलाही हार आहे, पण तो प्लास्टिकचा, आणि मी रोज त्याच्या मागं बघते.

बाळंतपण जळगावला झालं. फोन आला तशी मी निघाले. नाना म्हणाले, मी बी येस. दवाखान्यात पोचलो, पण ते खोलीत आले नाहीत, जिन्याजवळच उभे राहिले. म्हटलं चला, तर नुसती मान हलवली.

आत ती थकून झोपली होती. मुलगी झाली होती. सासूबाईंनी दुपटं सोडलं होतं आणि त्या बाळाच्या हातांची बोटं मोजत होत्या. हातांची झाली, मग पायांची, मग परत हातांची. मला पाहून ओशाळल्या. लॅबचा आकडा, मुंबईचं पत्र, शेवंतीची पूजा, सगळं मला पाठ होतं. मी बाळ हातात घेतलं आणि मीही मोजली.

बाहेर आले तर नाना भिंतीला धरून उभे. माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, "बठ्ठं ठीक शे ना?"

"बठ्ठं ठीक शे, नाना."

त्यांनी टोपी काढली, तोंड पुसलं, पुन्हा घातली. "आजून एक डाव सांग," म्हणाले.

मी सांगितलं.